घिवलीच्या वलांडीवरचे पुठ्ठे

१ मार्च १९६६, मंगळवार

काल कचेरीत भाऊजी मिठाईच्या खोक्यांसाठी आमचा पुठ्ठा घेणाऱ्या चंपकशेठना म्हणाले, "दुसऱ्या बॉयलरला वहिनींनी केव्हाच होकार दिलाय." मी दिलेला नाही. तसे म्हटले, तर माझ्याकडे न बघता शेठकडे बघून हसले. "हल्ली विसरतात."

मी विसरत नाही. पण दोन पुरुष टेबलाच्या एका बाजूला बसले की बाईची आठवण कच्ची ठरते. म्हणून आजपासून जे बोलले जाईल, जे ठरेल, ते त्याच दिवशी लिहून ठेवणार. भाऊजींना पुढे नुसते भा. लिहीन. रोज पूर्ण लिहावे इतका मान उरलेला नाही.

२ मार्च

पुठ्ठ्याचा कारखाना निम्मा माझा, निम्मा भा.चा. आमचे हे गेल्यापासून असेच चालले आहे. मोठ्या खरेदीला दोघांच्या सह्या लागतात. माझी ताकद तेवढीच.

भा.चे म्हणणे: पुठ्ठा वेळेत वाळत नाही, मागणी पुरी होत नाही, दुसरा बॉयलर घ्या. माझे म्हणणे: आहे तोच बॉयलर अर्धे लाकूड फुकट खातो. लगद्यासाठी वखारीतली छिलपे चुन्याच्या पाण्यात शिजवायला वाफ लागते, कबूल. पण बाहेर रणरणते ऊन आणि समुद्राचा वारा असताना आत पुठ्ठा वाफेच्या तव्यांवर वाळवायचा, तोही दाबून पाणी न काढता, चिंब ओला. पाणी जाळायला जंगल तोडतो आहोत.

लाकूड पुरवतो भा.चा साडू, मनोरचा. त्यात लपवाछपवी नाही. भा. स्वतःच सांगतात, "घरचा माणूस आहे, कोरडं लाकूड देतो." देतो. आठवड्याला नऊ गाड्या देतो.

४ मार्च

भांडण झाले. त्यातून अट निघाली. कागदावर मीच लिहिली, इथे शब्दशः:

३१ मेपर्यंत उत्पादन माझ्या हाती, किल्ल्या माझ्याकडे. तेवढाच माल निम्म्याहून कमी लाकडात काढून दाखवला तर दुसरा बॉयलर नाही. नाही जमले तर मी निमूट सही करायची. जमो न जमो, ३१ मेला किल्ल्या भा.कडे परत. गिऱ्हाइके आणि माल रवाना करणे भा.कडेच राहील.

भा. म्हणाले, "पलीकडे वीजघराचं काम चाललंय, बघताय ना? अणूची वीज येईल दारात. मग वाचवलेलं लाकूड कुणाला दाखवणार?"

"ती येईपर्यंत तुमच्या साडूंना डोंगर पुरायला हवा."

यावर हसले नाहीत. मला बरे वाटले.

७ मार्च

शिमगा. कामावर कोणी नाही. दाबयंत्राखाली वाकून, पदर खोचून सगळे नीट पाहिले. यंत्रात दोष नाही, वापरणाऱ्यांत आहे. थप्पी लावतात, दोन आटे फिरवतात, पाणी गळायला लागले की काढून घेतात. कारण मजुरी नगावर. पाणी काढल्याचे पैसे कोण देतो?

उद्यापासून: जेवणाच्या सुट्टीआधी थप्पी लावायची, आटे कचकचून पिळायचे, आणि सुट्टीभर तशीच दाबात ठेवायची. जेवताना कोणाचे काही अडत नाही.

१० मार्च

जेवणाच्या सुट्टीत यंत्र मोकळे नसते म्हणून तक्रार. मोकळे कशाला हवे? तर त्याच्या दांडीवर डबे टांगतात. भिंतीत खिळे मारून दिले.

थप्पीखालून एवढे पाणी निघाले की गटार तुंबले. तव्यांवरचा वेळ उघडच कमी.

रामदुलार बॉयलरवाला तोंड फुगवून आहे. "बाईजी, आग आधी कर देंगे तो हम पूरा आदमी काहे के लिए?" मी म्हटले, पूर्ण पगार मिळतो म्हणून. पुटपुटत गेला. ऐकू आले, लिहीत नाही.

१७ मार्च

काळे पाणी. छिलपे शिजली की हौदातले चुन्याचे काळे पाणी, वाफाळते, सरळ नाल्यात सोडतात आणि नाला खाडीत. त्याच दिवशी विहिरीचे थंड पाणी आणून पुन्हा तापवायचे, पुन्हा नवा चुना. कॉलेजात रसायन शिकले त्याला तीस वर्षे झाली, पण हे कळायला रसायन लागत नाही, ज्याला चहाचे आधण माहीत आहे त्यालाही कळेल. आज तेच पाणी पुन्हा वापरले, थोडा चुना वर घातला. छिलपे लवकर शिजली.

२४ मार्च

तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरत गेले, हाव केली. आजचा पुठ्ठा गुळाच्या ढेपेच्या रंगाचा. भा. दारात उभे राहून म्हणाले, "शेठना सांगू, खोक्यात मिठाई आधीच आहे."

उपाय: पुठ्ठ्याला तीन थर असतात. तपकिरी लगदा मधल्या थराला. वरचा आणि खालचा जुन्या कागदाचा, स्वच्छ पाण्यातला. मधले कोण बघतो?

२६ मार्च

लखमा गाडीवान, मनोरकडच्या पाड्यावरचा, भा.च्या साडूकडचे लाकूड तोच आणतो. आज गाडी खाली करून उभाच राहिला. "बाय, पुढल्या हप्त्यात गाड्या कमी सांगल्या. लाकूड नको तं आमी काय करावा?"

मी म्हटले, लाकूड कारखान्यासाठी असते, कारखाना लाकडासाठी नसतो. तो बैलाच्या मानेवरची माशी हाकलत राहिला. उत्तर बरोबर होते. तरी पुन्हा लिहिताना आवडत नाही.

३० मार्च

तवे आता रोज अर्धा वेळ बंद. पण उन्हात वाळवायला जागा नाही. अंगणात पसरले तर मातीचा थर बसतो, कोपरे वळतात, आणि शेजारच्या शेळ्या. पुठ्ठा खाणारी शेळी आजच पाहिली, चवीने खात होती.

संध्याकाळी घिवलीच्या किनाऱ्यावर गेले. बोंबलाचा हंगाम आटोपलेला. बोंबील सुकवायच्या बांबू-दोरीच्या उंच रांगा, त्यांच्या वलांडी, मैलभर रिकाम्या उभ्या. दोरीवर दोरी, आणि मधून वारा असा की डोक्यावरचा पदर राहीना.

२ एप्रिल

हिराबाय. त्या वलांडींपैकी पुष्कळशा तिच्या. पन्नाशीची, दोन होड्या, नवऱ्याचे नाव कोणी घेत नाही, तिचेच घेतात. मागणी ऐकून घेतली आणि जाळे विणायचे थांबवले नाही.

"पुठ्ठे टांगनार? आमच्या वलांडीवर? कशाला, त्यांना बी मीठ लावनार काय?"

बाजूच्या बाया हसल्या. मी भाडे विचारले. म्हणाली, "भाडं नको. तुमचं काळं पानी खाडीन येतं. कोलीम, बोय, सगली मासळी मरते, पोरांच्या पायाला फोड येतात. तुमच्या दिराकडे तीनदा गेलो. त्याने चा पाजला."

अट: काळे पाणी खाडीत एक थेंब नाही. तोवर वलांडी माझ्या.

मी होकार दिला. पाणी मी हौदात राखतेच आहे, हे तिला सांगितले नाही. सौद्यात सांगायची गोष्ट नव्हे.

निघताना म्हणाली, "बाय, शब्द हाय ना? दिरासारखा नाय ना?"

६ एप्रिल

पहिली खेप. लखमाच्या गाडीतून ओले पुठ्ठे किनाऱ्यावर. लाकडाच्या गाड्या कमी झाल्या, पुठ्ठ्याच्या वाढल्या. त्याचे काम राहिले. माझे आभार मानले नाहीत. मीही अपेक्षा केली नव्हती.

बायांनी बांबू फाडून चिमटे केले. पुठ्ठे उभे टांगतात, दुपारी पालटतात. तिन्हीसांजेला कडकडीत. सपाट, टणक. बोटाने वाजवले तर लाकडासारखा आवाज.

१५ एप्रिल

तवे पूर्ण बंद. बॉयलर फक्त शिजवणीपुरता. लाकूड चार गाड्यांच्या आत आले. भा. वखारीत जाऊन उरलेली चळत पाहून आले. जेवताना वरणात मीठ कमी म्हणून जाऊबाईंना ओरडले.

जाऊबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "तुम्ही तिकडं काहीतरी वाचवता, आणि इकडं माझ्या डोक्यावर पडतं."

१९ एप्रिल

भा.: "पावसात काय कराल? छत्र्या धरून उभ्या राहाल वलांडीखाली?"

मी: पावसात तवे लावीन. वर्षातले आठ महिने तर वारा फुकट आहे. चार महिन्यांसाठी आहे तो बॉयलर पुरतो.

"तुमच्याकडे सगळ्याचं उत्तर असतं, वहिनी."

"तुमच्याकडे एकाच प्रश्नाचं. बॉयलर."

२३ एप्रिल

मोठी खेप तयार. माझ्या मते आजवरचा सर्वांत चांगला माल. हाताने एकेक पुठ्ठा उचलून, वाकवून, उजेडात धरून पाहिला. भा.नी स्वतः उभे राहून गाडीत भरला आणि बोईसर स्टेशनवर रवाना केला. चंपकशेठकडे. मी म्हटले होते, साबणवाल्याकडे, आमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे, आधी पाठवा. म्हणाले, "चांगला माल चांगल्या गिऱ्हाइकाला." मला ऐकून बरे वाटले. एवढेच लिहिते.

४ मे

तार. माल परत पाठवत आहे, स्वतः या.

भा. म्हणाले, "उत्पादन तुमचं, तुम्हीच जा."

५ मे, मुंबई

चंपकशेठ मिठाईची खोकी करतात. जैन माणूस, कांदाही घरात नाही. दुकानात बसवले, पाणी दिले, आणि एक खोके माझ्या नाकापुढे धरले.

"घ्या, बेन. वास घ्या."

घेतला. पुठ्ठ्याचा वास. थोडा चुना.

"काय नाय येत?"

"नाही."

माझ्याकडे असे बघितले की मी खोटे बोलते आहे किंवा आजारी आहे. मग पोऱ्याकडून आणखी दोन उघडवली. "लगनचा ऑर्डर होता. पेंडा भरला, गाडीत ठेवला, वरात पोचली. वरपक्षाने झाकण उघडलं. बेन, त्या लोकांनी मला विचारलं, शेठ, पेंड्यात मासा घालता?"

मी पुन्हा हुंगले. काहीच नाही. संतापून म्हटले, की तुमचीच गोदामे तपासा. त्यांनी हात जोडले. हात जोडणारा माणूस मला शिव्या देणाऱ्यापेक्षा जड जातो.

एक पुठ्ठा पिशवीत घालून दादरला बहिणीकडे.

६ मे

सकाळी अंघोळ करून पिशवी उघडली. बोंबील.

इतका स्पष्ट की बहीण आतून म्हणाली, "सुकट आणलीस का ग?" पिशवी, माझे लुगडे, कालची चोळी, सगळ्याला. किनाऱ्यावर, कारखान्यात, घरात, आम्ही सगळे त्याच वाऱ्यात राहतो. आमच्या नाकाला तो वास म्हणजे नुसती हवा. वर्षानुवर्षे दोऱ्यांत आणि बांबूत मुरलेला, ओल्या पुठ्ठ्याने टिपकागदासारखा ओढून घेतला. मी उजेडात धरून पाहिले, वाकवून पाहिले, वाजवून पाहिले. हुंगलेही असेल. पण हुंगून उपयोग नव्हता. आमच्यातल्या एकालाही आला नसता.

७ मे

एकाला आला होता. भा. आठवड्याचे चार दिवस मुंबईत असतात. आज विचारले.

"आला ना. गाडीत भरतानाच आला."

"मग बोलला का नाहीत?"

"उत्पादन तुमच्या हाती, रवानगी माझ्या हाती. तुमचंच कलम आहे वहिनी. मी रवाना केला."

साबणवाल्याकडे का नाही, ते विचारले नाही. उत्तर मला ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.

त्याच दिवशी, दुपारी

हे वेगळे लिहायला हवे. मी मुंबईत असताना हौद नाल्यात सोडला गेला. सगळा. रामदुलार म्हणतो, "छोटे साहब बोले, टंकी भर गयी है, खोल दो। हमने खोल दिया। हमको क्या मालूम?" भा. म्हणतात हौद ओसंडत होता. हौद ओसंडत नव्हता. मी जाताना काठी घालून पाहिला होता.

८ मे

हिराबाय सकाळीच आली, मागे सात-आठ बाया. कचेरीच्या ओटीवर टोपली उपडी केली. मेलेले बोय, उलटे, डोळे पांढरे. वास मला आता आला. मुंबईने नाक जागे केले आहे.

"ही घ्या तुमची मिठाई."

भा. आत होते. बाहेर आले नाहीत.

मी म्हटले, मी गावात नव्हते. ती म्हणाली, "तुमी नव्हता, तुमचं पानी व्हतं. दिराने सोडलं का तुमी, मासळीला काय समजतं? वलांडी आजपासून बंद."

मी दिराचे नाव घेतले नाही. घरातले भांडण ओटीवर मांडायचे नसते, असे मला शिकवलेले आहे. त्याची किंमत काय ते आज कळले.

११ मे

हौदाचे पाणी नाल्यात सोडणारी झडप लोखंडी आहे, आजवर तिला कुलूप नव्हते. बोईसरहून जाड कुलूप आणले, लोहाराकडून साखळी ठोकून घेतली. किल्ली एकच. ती माझ्या गळ्यात.

परत आलेला माल कुटून पुन्हा लगदा करायचा आणि साबणवाल्याला द्यायचा. हिराबायला पुठ्ठे सुकटीच्या खोक्यांसाठी देऊ केले होते, निरोप आला: "पुठ्ठ्यान बोंबलाला घाम फुटेल, आळ्या पडतील. टोपलीच बरी. बायला सांगा, शिकलेली हाय ना." ठीक. बरोबर आहे तिचे.

१४ मे

वाळवण आता कुठे? गावाबाहेर, माझ्या नावावरच्या खळ्याच्या जमिनीत नवे बांबू उभे करते आहे. नवा काथ्या, ज्याने मासळी पाहिलेली नाही. वारा किनाऱ्याइतका नाही, पण आहे. लखमा व त्याचा भाऊ खड्डे खणतात. लखमाला म्हटले, वलांडी जाऊन खळे आले, तुझी गाडी चालूच राहील. म्हणाला, "बाय, तुमी भांडून घ्या आधी. मंग सांगा कुठं हाकू."

२२ मे

खळ्यावरचा पहिला माल. मी हुंगत नाही; माझ्या नाकावर माझा विश्वास नाही. पुठ्ठा बहिणीकडे टपालाने पाठवला. तिचे उत्तर: काही नाही, नुसता पुठ्ठा.

लाकूड याही आठवड्यात चार गाड्यांच्या आत. तेवढाच माल. अट पुरी झाली.

२६ मे

भा. मानत नाहीत. "परत आला तो माल धरायचा नाही. मग तेवढाच माल कुठं झाला?"

"अट लाकडाची होती. वासाची नव्हती."

"मालाची होती, वहिनी. तेवढाच माल. तुमच्या अक्षरात आहे."

आहे. माझ्याच अक्षरात. माल कोणी पाठवला आणि कोणाकडे, हेही त्याच अक्षरात आहे, पण ते अट नव्हे.

बॉयलरच्या सहीचा कागद पुढे सरकवला. मी परत सरकवला. पुन्हा सरकवला. तोवर जाऊबाई चहा घेऊन आल्या आणि कागदावर कपबशी ठेवली. मुद्दाम की चुकून, त्यांचा चेहरा बघून कळले नाही.

२९ मे

भा. मुनीमजींना म्हणाले, मला ऐकू जाईल असे: किल्ल्या आल्या की पहिल्यांदा खळ्यावरचे बांबू उपटायचे आणि हौद रिकामा करायचा. पावसाळ्यात तवे लावायचेच आहेत, मग जुन्या पाण्याचा साठा कशाला?

बांबू माझ्या जमिनीत आहेत. उपटून बघा म्हणावे.

हौद मात्र कारखान्यात आहे.

३१ मे, मंगळवार

किल्ल्या देण्याचा दिवस. सकाळी घिवलीला गेले. हिराबाय होडी उलटी करून तळाला डांबर लावत होती. बसायला सांगितले नाही. मी उभीच राहिले.

सांगितले: उद्यापासून कारखाना माझ्या हाती नाही. मी जे बोलले ते मला राखता आले नाही. वलांडी मागायला आलेले नाही.

"मग कशाला आलात?"

किल्ली काढून दिली. झडपेच्या कुलपाची आहे, सांगितले. दुसरी नाही.

तिने उलटसुलट करून पाहिली. हाताला डांबर, किल्लीला डांबर. "तुमचा दीर कुलूप तोडंल."

"तोडेल."

"तेव्हा तुमी कुठं असाल?"

तिने किल्ली कनवटीला लावली आणि पुन्हा ब्रश उचलला. "बाया रोज जातात नाल्यावर खुबे काढायला," म्हणाली, माझ्याकडे न बघता. पाळत ठेवायचे वचन दिले की नुसती माहिती, कळले नाही.

परत दिल्याची नोंद:

भाऊजींना, दुपारी, मुनीमजींसमोर: कचेरी, कोठार, लगदाघर, बॉयलरघर, वखार यांच्या किल्ल्या. हौद भरलेला, गरम. शिल्लक लाकूड: वखारीच्या मागच्या भिंतीपर्यंत. दाबयंत्र चालू, थप्पी दाबात.

भाऊजींनी विचारले, "झडपेची?"

सांगितले, ती दिली.

"कुणाला?"

सांगितले.

बॉयलरच्या कागदावर सही: दिलेली नाही.